बाबांचा उतारा २५, कॉम्प्युटरचा २६.९

काका, नमस्कार.

सावंतवाडी तालुक्यात आमचा काजूचा कारखाना आहे. बाबांनी ३५ वर्षांपूर्वी घराच्या पडवीत चार बायकांना घेऊन सुरू केला, आज ३८ बायका कामाला येतात. मी पुण्यात एमबीए केलं आणि दोन वर्षांपूर्वी घरी परतले. गेल्या वर्षी हट्टाने एमआयएसचं (मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम, म्हणजे कारभाराची माहिती देणारं) सॉफ्टवेअर घेतलं, २ लाख ४० हजारांचं. दिवसभराच्या चिठ्ठ्या मी रात्री माडीवर बसून भरते. दर सोमवारी २२ पानांचा रिपोर्ट निघतो. बाबा तो उघडतही नाहीत. परवा त्यावर फणसाची कुयरी चिरत बसले होते, चीक लादीला लागू नये म्हणून!

सॉफ्टवेअर म्हणतं आपला उतारा, म्हणजे शंभर किलो बीमागे निघणारा गर, २६.९ टक्के. बाबा म्हणतात २५. वर्षभर जेवताना हेच चाललंय. मे महिन्याच्या शेवटी मी रिपोर्ट बघून बांद्याकडची ५ टन बी १२४ रुपयांनी घेतली. बाबा म्हणत होते, ती नको, दोडामार्गची १३२ ने घे. मी ऐकलं नाही आणि मार खाल्ला. माझ्या लॉटचा उतारा बाबांच्या हिशेबाने २४ आला. त्यांनी थोडी दोडामार्गची घेतलीच होती, तिचा आला २७.

आता विक्रेता म्हणतो, ६ लाखांची पुढची आवृत्ती घ्या, त्यात डॅशबोर्ड आहे, एआय आहे, भावाचा अंदाजसुद्धा येतो. बाबांचं एकच, "माझ्या डोक्यात सगळा आसा." पोत्यांच्या तोंडाला ते अजून जुन्या साड्यांच्या रंगीत चिंध्या बांधतात. बाहेरचा व्यापारी गोदाम बघायला आला की मला लाज वाटते. हंगाम तोंडावर आहे. मोठं सॉफ्टवेअर घेऊ की आहे तेही बंद करू? आणि बाबांना एमआयएसचं महत्त्व कसं पटवू? सोबत एका लॉटचे आकडे पाठवतेय.

काजूवाली, सावंतवाडी तालुका

प्रिय काजूवाली,

आधी तो जेवणावरचा वाद मिटवून टाकू. तू पाठवलेल्या लॉटमध्ये १००० किलो बी विकत घेतलेली आहे, खळ्यात वाळवल्यावर ती ९३० किलो भरली आणि सगळं होऊन गर निघाला २५० किलो. आता २५० ला १००० ने भाग. २५ टक्के. त्याच २५० ला ९३० ने भाग. २६.९. शेतकऱ्याला ज्या वजनाचे पैसे मोजले त्यावर बाबा उतारा काढतात, आणि बॉयलरला जे वजन चढलं त्यावर तुझं सॉफ्टवेअर. वर्षभर तुम्ही दोघंही बरोबर होतात आणि आमटी गार होत होती.

हसून सोडून देऊ नकोस, कारण तुझ्या मे महिन्याच्या फटक्याचं अर्धं कारण इथेच आहे. दोन्ही आकडे कामाचे आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी. बी काय भावाने घ्यावी हे ठरवताना बाबांचाच आकडा हवा, कारण ओल्या बीतल्या पाण्याचेही पैसे तू मोजलेले असतेस. बॉयलर नीट चालला का, फोडणी, म्हणजे बी फोडण्याचं काम, नीट झालं का, हे बघायला सॉफ्टवेअरचा. जे पाणी खळ्यातच उडून गेलं त्याचा दोष बॉयलरवाल्याला कशाला? आफ्रिकेची बी घेणारे व्यापारी आउटटर्न विचारतात तो आणखी तिसऱ्याच मापात, ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर. ४८ पौंड म्हणजे २१.८ किलो, टक्क्यांत २७ च्या किंचित वर. एकच शब्द आणि मापं तीन. तुझ्या विक्रेत्याने सॉफ्टवेअर बसवताना "तुमच्याकडे उतारा कशाला म्हणतात?" एवढं विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस, आणि कंपनीने जे भरून दिलं होतं तेच राहिलं.

आता मे महिना. रिपोर्टात सरासरी उतारा २६.९ दिसत होता. तू १२४ ला त्याने भागलंस आणि तुला किलोभर गरामागे बीचा खर्च आला ४६१ रुपये. १३२ वाली बी महाग दिसणारच. खरेदीच्या वजनावरचा २५ धरला असतास तर ४९६ आले असते. म्हणजे ३५ रुपयांची चूक नुसत्या भाजकाची. पण ती तरी सगळ्या मालाची सरासरी. बांद्याकडची मे अखेरची, वळवाचा पाऊस खाल्लेली बी सरासरीने वागत नाही. तिचा उतारा २४ आला, म्हणजे खरा खर्च ५१७. ही आणखी २१ रुपयांची चूक सरासरीची. ५ टनांत १२०० किलो गर निघाला, किलोमागे ५६ रुपये धर, साधारण ६७ हजार. आणि दोडामार्गची "महाग" बी? १३२ ला २७ टक्क्यांनी भाग. ४८९. ती तुझ्या स्वस्त बीपेक्षा किलोमागे २८ रुपयांनी स्वस्त होती.

बाबांनी हा भागाकार कागदावर केला नसेल. पण वळवाच्या पावसानंतरची बी मुठीत घेतली की ती जड का लागते हे त्यांना माहीत होतं. ती माहिती त्यांच्या मुठीत होती आणि तुझ्या २२ पानांत नव्हती. तू विचारतेस, बाबांना एमआयएसचं महत्त्व कसं पटवू. मला तर वाटतं एमआयएसला बाबांचं महत्त्व पटवायचं राहून गेलंय.

हे नाव उच्चारलं की माणसं बिचकतात, म्हणून मी ते कसं समजतो तेवढं सांगतो. कारखान्यात कोणाला तरी काहीतरी ठरवायचं असतं. ते ठरवायची एक वेळ असते. त्या वेळेच्या आत, त्या माणसाच्या हातात, त्याचं मत बदलू शकेल असा आकडा पोचवण्याची जी घडी बसवलेली असते ती एमआयएस. ती कॉम्प्युटरवर असेल, फळ्यावर असेल, वहीत असेल. तुझ्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असणारच, त्यात झालेल्या व्यवहाराची नोंद राहते. शेतकऱ्याकडून घेतलेल्या काजू बीवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, त्यामुळे कोणाकडून, किती, काय भावाने हे तिथे असणारच. ती नोंद झाली. पुढच्या गुरुवारी त्याच माणसाची बी घ्यायची का, हे ठरवायला ती जेव्हा उपयोगी पडेल तेव्हा तिची माहिती होईल. तुझी खरेदी मार्च ते मे अशी जेमतेम दहा-बारा आठवड्यांची. एप्रिलच्या लॉटचा उतारा जूनमध्ये कळला तर तो इतिहासाच्या पुस्तकात घालायचा.

आपल्या कोकण रेल्वेचं बघ. मार्गावरच्या काही स्टेशनांवर पाऊस आपोआप मोजणारी यंत्रं आहेत, रत्नागिरी-निवसर दरम्यानच्या पानवल पुलावर वारा मोजणारं यंत्र आहे, वाशिष्ठी-सावित्रीच्या पुलांवर पाणी चढलं की सांगणारी व्यवस्था आहे. पण मला आवडतो तो त्यांचा नियम. मुसळधार पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही. काय दिसलं की काय करायचं, हे पावसाच्या आधी ठरलेलं आहे. गाडी चालवणाऱ्याला त्या क्षणी डॅशबोर्ड बघत बसायचं नाही. तुझ्या २२ पानांतल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने लिही, हा आकडा बदलला तर मी काय वेगळं करीन? जिथे काही लिहिता येणार नाही ते पान खुशाल फणसाला दे.

किती पानं उरतील? माझा अंदाज, एक.

हा काही नवा शोध नाही. रसेल अॅकॉफ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६७ मध्येच एमआयएसची टर उडवणारा लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं असं, की व्यवस्थापकाला माहिती कमी पडते असं सगळे धरून चालतात, पण त्याचा खरा त्रास नको त्या माहितीच्या ढिगाचा असतो. आणखी एक गोष्ट त्याने हाणून पाडली. वापरणाऱ्याला यंत्रणा आतून कशी चालते ते कळायची गरज नाही, हा समज. तुझा भाजक आठव.

त्याच्याही आधीची एक गंमत. ब्रिटनमध्ये जे. लायन्स ही चहाची दुकानं चालवणारी कंपनी होती. धंद्याच्या हिशेबासाठी कॉम्प्युटर बांधायला घेतलेल्या अगदी पहिल्यांपैकी ही मंडळी. १९५१ मध्ये त्यांच्या लिओ नावाच्या यंत्रावर बेकरीचे हिशेब सुरू झाले. पुढे दुकानांची रोजची मागणीही त्यावर आली. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी यंत्रात होती आणि दुकान सांभाळणारी बाई फोनवर फक्त उद्याचा बदल सांगायची. जे बदललं नाही ते सांगायचंच नाही. बन-पावाचा धंदा करणाऱ्यांना तेव्हा जे सुचलं ते आजच्या तुझ्या विक्रेत्याला सुचत नाही, कारण तो पानांचे पैसे घेतो.

आता माडीबद्दल. मी ३० वर्षं ठाण्याकडच्या एका कारखान्यात कॉस्टिंगमध्ये होतो. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं टर्मिनल बसवलं पहिल्या मजल्यावर अकाउंट्समध्ये, तिथे एसी होता म्हणून. स्टोअर तळमजल्यावर. स्टोअरकीपरचे गुडघे गेलेले. आल्या मालाच्या पावत्या तो शर्टाच्या खिशात साठवायचा आणि शनिवारी एकदाच वर चढायचा. मंगळवारी आलेलं बेअरिंग रिपोर्टात शनिवारपर्यंत शून्य. परचेसवाल्याने तेच बेअरिंग पुन्हा मागवलं, मग तिसऱ्यांदाही. चौकशी बसली. प्रोग्रॅम तपासला, केबल तपासली, मुंबईहून माणूस आला. शेवटी आमच्यातल्याच कोणीतरी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. २२. (तुझ्या रिपोर्टाच्या पानांइतक्याच, हा निव्वळ योगायोग.) टर्मिनल खाली आणलं, दोष गेला. सॉफ्टवेअरच्या एकाही ओळीला कोणी हात लावला नाही.

तुझी माडीही अशीच. फोडणीला बसलेल्या बाईचे हात टरफलाच्या चिकाने काळे झालेले असतात, तेल किंवा राख लावून ती बसलेली असते. ती टॅबवर बोट फिरवणार नाही आणि फिरवूही नये. दिवसभराच्या चिठ्ठ्या रात्री तुझ्यापर्यंत येईस्तोवर त्यातल्या दोन खिशात धुतल्या जातात, एकीवरचा ७ तुला १ वाटतो. वजनकाट्याच्या बाजूला भिंतीवर काळा फळा टांग. जे वजन होईल ते तिथल्या तिथे खडूने. संध्याकाळी त्याचा मोबाइलवर फोटो काढ आणि त्यावरून भर. फळ्याचा दुसरा फायदा असा, की तो बाबांना जाता-येता दिसतो. चुकलं तर ते तिथेच ओरडतील. रात्री माडीवर चूक सापडायला दहा दिवस लागतात.

आता चिंध्या.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा या ओळीवर थांबलो. बाबा पोत्यांच्या तोंडाला रंगीत चिंध्या बांधतात आणि तुला लाज वाटते. अगं, तो लॉट नंबर आहे! कुठल्या गावची, कोणाची, कदाचित कुठल्या आठवड्याची बी, हे त्या रंगात आहे. ३५ वर्षं ते पोतं ओळखून फोडणीला सोडताहेत, म्हणून त्यांना दोडामार्गचा २७ आणि बांद्याचा २४ माहीत आहे. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या बीला एकच नाव असणार, "काजू बी", एकच कोड. टॅलीत शेतकऱ्याचं नाव आहे, शेवटी गराचं वजन आहे, आणि मध्ये गोदामाच्या दारात दोघांची ताटातूट होते. सगळी बी एक झाली की मागे वळून कोणाला विचारणार, तुझा उतारा किती म्हणून? जगातला कुठलाही एआय ते सांगू शकणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही.

म्हणजे तुझ्या कारखान्यातली सगळ्यात महत्त्वाची माहिती आजवर एका चिंधीवर चालली होती आणि फॉर्ममध्ये तिला रकाना नव्हता. विक्रेत्याला सांग, खरेदीच्या एंट्रीत एक रकाना वाढवून दे. नाव "लॉट" ठेव नाहीतर सरळ "चिंधी" ठेव, मला दुसरं आवडेल. तोच रकाना वाळवणीत, बॉयलरला, फोडणीला, सोलणीला, प्रतवारीला पुढे गेला पाहिजे. लहान कारखान्यात दर लॉट शेवटपर्यंत वेगळा ठेवणं जमत नाही, हे मला माहीत आहे. मग निदान सुरुवातीचं एक पोतं वेगळं काढ. त्यातली किलोभर बी मोजून घे, फोड, चांगला गर वजन कर. ही कापून बघायची चाचणी तासाभरात होते आणि गाडी अंगणात उभी असतानाच भाव करता येतो. बीचा आकडाही मोजून ठेव, किलोत किती भरतात तो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-७ ची एक बी साधारण १० ग्रॅमची असते, गावठी बी त्याहून बरीच लहान. बी मोठी असेल तर पुढे २४० चा माल जास्त निघेल की ३२० चा, हेही तिथेच दिसू लागतं. (नव्याने वाचणाऱ्यांसाठी: हे आकडे पौंडात किती अख्खे गर बसतात त्याचे, म्हणून आकडा लहान तेवढा दाणा मोठा.)

आणि या हंगामात एक काम कर, त्याला खर्च शून्य. शाळेतली दुरेघी वही घे. प्रत्येक लॉट दारात आला की बाबांना विचार, "बाबा, किती उतरंल?" त्यांनी मूठ भरून, कानाशी हलवून जो आकडा सांगितला तो तारखेसह लिही. वाद घालू नकोस, चेहरा करू नकोस. गर निघाला की शेजारी खरा आकडा. तीसेक लॉट झाले की बघ. माझी पैज आहे, बहुतेक ठिकाणी बाबा एका टक्क्याच्या आत असतील. जिथे नसतील ते लॉट बघण्यासारखे. कदाचित दूरच्या, नवीन गावच्या बीला त्यांचा अंदाज चुकतो. कदाचित जुन्या मित्राच्या बीला ते मनाने टक्काभर जास्त देतात. हे त्यांनाही माहीत नसेल. सोमवारच्या एका पानावर मग एवढंच हवं, ज्या लॉटमध्ये अंदाज आणि खरा आकडा एका टक्क्याहून जास्त लांब गेले, ते लॉट. बाकीचे जागच्या जागी ठीक आहेत. हे पान बाबा वाचतील, कारण ते त्यांच्याविषयी आहे. स्वतःचं भविष्य आणि स्वतःचा निकाल कोण वाचत नाही?

हर्बर्ट सायमन, १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले, निर्णयांची दोन टोकं सांगत. एक, जे परत परत तसेच येतात आणि ज्यांना नियम लावता येतो. दुसरे, जे दर वेळी नवे असतात. डबे किती उरले की मागवायचे, बारदान, पॅकिंगच्या पिशव्या, मजुरीचा हिशेब, हे पहिल्या टोकाचं, ते सॉफ्टवेअरला देऊन टाक आणि पुन्हा बघू नकोस. ओळखीचा बागायतदार या वर्षी दुसऱ्याकडे का जातोय, हे दुसऱ्या टोकाचं. तिथे बाबांनी स्कूटर काढायची.

मधलं जे आहे तिथे आकडा आणि माणूस दोघं लागतात. उदाहरण, माल धरून ठेवायचा की काढायचा. बाबा म्हणत असतील, गणपती-दिवाळीला भाव चढतो, थांब. चढत असेलही. पण थांबण्याला भाडं पडतं. समजा गर ८०० रुपये किलो आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज वर्षाला १० टक्के, तर दर किलोमागे महिन्याला ६ रुपये ६७ पैसे. तीन महिने थांबलीस तर २० रुपये, शिवाय कोकणातला पावसाळा आणि गराला लागणारी ओल. तेव्हा प्रश्न असा होतो: गेल्या दहा वर्षांत जुलैपासून दिवाळीपर्यंत भाव २० रुपयांहून जास्त किती वेळा चढला? त्याचं उत्तर बाबांच्या जुन्या वह्यांत आहे. विक्रेत्याच्या एआयकडे तुमचं एकाच वर्षाचं, तेही सरासरीत कालवलेलं खाद्य आहे, त्यावर तो भावाचा अंदाज सांगणार असेल तर पोपटवाला स्वस्त पडेल. या मे महिन्यात दुपारी दोन तास बसून दहा वह्या उतरवून काढ. शाई उडाली असेल तिथे बाबांना विचार.

आणखी एक, आणि हे जरा कडक सांगतो. तू विचारलेलं नाहीस, पण डॅशबोर्ड आला की पहिलं हेच डोक्यात येतं: कोणाच्या हातून किती तुकडा झाला याची नावानिशी यादी भिंतीवर लावायची. लावू नकोस. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईला त्या यादीचा अर्थ लगेच कळतो आणि तुकडे सालीत जायला लागतात. आकडा सुधारतो, माल कमी होतो, आणि तुला दोन्ही कळत नाही. तुकडा बऱ्याचदा फोडणाऱ्या हाताच्या आधीच ठरलेला असतो. वाफ कमी-जास्त झाली, बी आकाराप्रमाणे चाळली नाही आणि लहान-मोठी एकाच पात्याखाली आली, की सगळ्यात निष्णात बाईकडूनही पाकळी आणि कणी वाढते. तेव्हा अख्ख्याचं प्रमाण आधी बॉयलरच्या घाण्याप्रमाणे बघ. मंगळवारचा सकाळचा घाणा वाईट आणि दुपारचा चांगला असं दिसलं तर विषय ३८ बायकांचा राहिलाच नाही, बॉयलरजवळच्या एका माणसाचा राहिला. आणि काय चुकतं ते बायकांनाच विचार. फळ्यावर त्यांच्याही खडूला जागा ठेव.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं रोखठोक. ६ लाख देऊ नकोस. आहे ते बंदही करू नकोस. या आठवड्यात विक्रेत्याकडून दोनच गोष्टी करून घे: लॉटचा रकाना, आणि उताऱ्याचे दोन वेगळे आकडे दोन वेगळ्या नावांनी, "खरेदी उतारा" आणि "सुका उतारा". तो "हे पुढच्या आवृत्तीत आहे" म्हणाला तर तो भाग एक्सेलमध्ये कर, तुला येतंच. ५ टनांच्या एका चुकीत ६७ हजार जातात, तेव्हा पुढे कधी ६ लाख घालावेसे वाटले तर आधी वहीतून दाखव की नऊ अशा चुका तो खरंच वाचवणार आहे. जून लागायच्या आत बॅकअपची सोय बघ, एक प्रत घराबाहेर असू दे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बाजारपेठेतल्या माझ्या एका ओळखीच्या दुकानदाराची वही आणि कॉम्प्युटर दोन्ही एकाच टेबलावर बुडाले.

बाबांशी बोलताना एमआयएस हा शब्द काढू नकोस. वाद जिंकल्यासारखं "तुमचा २५ बरोबर होता" असंही जाहीर करू नकोस, त्यांना ते माहीतच आहे. मार्चच्या पहिल्या गाडीला त्यांच्याबरोबर गोदामात उभी राहा. ते खिशातून चिंधी काढतील. पुढे हो, पोत्याचं तोंड धर आणि विचार, ही कुठली. पोपटी कोणाची, आणि एखादीला दोन गाठी का, ते सगळं लिहून घे. दोन गाठींचं जे काही निघेल ते मलाही कळव. मी परवापासून त्याचाच विचार करतोय.

तुझा,
काका